सोनगीरची गांधारी

सोनगीरला हारुनने व्हिडिओ आणला ते साल अठ्ठ्याऐंशी. आग्रा रोडच्या फाट्यावर त्याच्या बापाचं पंक्चरचं दुकान होतं. दुकानामागे पत्र्याची लांबट खोली होती, तिच्यात जुने टायर पडलेले असायचे. हारुनने टायर बाहेर काढले, सतरंज्या टाकल्या, भिंतीशी टेबल लावून त्यावर रंगीत टीव्ही ठेवला. कॅसेट धुळ्याहून यायच्या. चांगले हिंदी पिक्चर धुळेवालेच दाबून ठेवायचे. आमच्यापर्यंत पोचायचे ते निंजांचे. काळे कपडे, तोंड बांधलेलं, फक्त डोळे उघडे. बोलणं इंग्रजी की चिनी की जपानी, हारुनलाही सांगता येत नव्हतं.

पहिला आठवडा लोकांनी मारामारीवर काढला. दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू झाली. कोण कोणाला का मारतो तेच कळेना. आत्ता ज्याच्याबरोबर जेवला त्याचाच गळा का कापला? हारुन माझ्याकडे आला.

मी तेव्हा एका तांबटाच्या कारखान्यात भाता ओढायचो. वय पन्नाशीच्या पुढे. अक्षर एक ओळखत नव्हतो, पण देवादिकांच्या कथा तोंडपाठ होत्या. आमच्याकडे कानबाईच्या उत्सवात डफावर कथा गातात, तिथे मी पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस.

"वनाभाऊ, तुम्ही टीव्हीजवळ उभे राहा आणि काय चाललंय ते सांगा," हारुन म्हणाला.

"मला कुठे त्यांची भाषा येते?"

"इथे कोणाला येते? तुम्ही सांगाल तेच खरं."

अशी माझी सुरुवात झाली. संध्याकाळी भाता बंद झाला की हातपाय धुवायचे, टोपी घालायची आणि हातात वेताची काठी घेऊन टीव्हीशेजारी उभं राहायचं. मला लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. त्या पिक्चरांत सगळी ताकद डोळ्यांत होती. तलवारी नुसत्या देखाव्याला. खरा निंजा तो, ज्याची बुबुळं लाल होतात, ज्याच्या डोळ्यात चक्र फिरतं. त्याने नुसतं बघितलं की समोरचा पेट घेतो. मला हे नवीन नव्हतं. मुचकुंद राजा गुहेत झोपला होता, कालयवनाने त्याला लाथ मारून उठवलं, राजाने डोळे उघडले आणि कालयवनाची राख झाली. मी तेच सांगितलं. दुसऱ्या पिक्चरमध्ये एकाच्या नजरेने लहान पोराचं डोकं उडालं. मी म्हणालो, हा शनी, याने पाळण्यात बघितलं म्हणून तर गणपतीला हत्तीचं डोकं लावावं लागलं. शंकराचा तिसरा डोळा तर दर दोन दिवसांनी लागायचा. लोक माना डोलवायचे. बाहेर ट्रक उभे करून ड्रायव्हर आत येऊन बसायचे. निंजे जपानचे असले तरी त्यांची विद्या इथूनच गेली, असं फाट्यावर सगळ्यांचं मत झालं. ते माझ्यामुळे झालं.

भिकुबाई माझी थोरली बहीण. आमची आई मी तान्हा असताना गेली, मला अक्कानेच वाढवलं. पुढे तिचा नवरा वारला, माझी बायको वारली, तेव्हा मी माझं बिऱ्हाड उचलून तिच्या घरी राहायला आलो. तिला एकच पोरगा, छगन. ट्रकवर ड्रायव्हर. इंदूरची खेप करायचा. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोती पडला होता. माणूस दारात आला तर सावली हलल्यासारखी वाटायची, बस. व्हिडिओला बायका येत नसत, पण अक्काला हारुनने दाराशी पोतं टाकून दिलं होतं. तिला टीव्ही दिसत नव्हता. ती मला ऐकायला यायची.

त्या डिसेंबरात एक कॅसेट आली. तिच्यात एक म्हातारा गुरू होता, डोळ्यांवर काळी पट्टी. पिक्चरभर त्याने पट्टी काढली नाही. शेवटी एका तरुण निंजाला समोर उभं केलं, पट्टी सोडली आणि त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्या पोराच्या अंगातून उजेड निघाला. नंतर त्याच्यावर बाण मारले, तलवारी मारल्या, काही लागेना.

मी म्हणालो, ही गांधारी. जन्मभर डोळे बांधून ठेवले, सगळं तेज आत साठलं. शेवटच्या लढाईच्या आधी ती दुर्योधनाला म्हणाली, अंघोळ करून माझ्यासमोर जन्मला तसा उभा राहा, माझी पहिली नजर जिथे पडेल तिथलं अंग वज्राचं होईल. आणि मग मी जे केलं ते आज लिहिताना मला लाज वाटते. दुर्योधन नागडा निघाला, वाटेत कृष्णाने त्याला गाठलं, ते मी नकलेसह करून दाखवलं. काठी दोन पायांत धरून मुरडत चाललो. "काय राव, एवढी मिशी आली आणि आईपुढे असे जाता? केळीचं पान तरी लावा." ड्रायव्हर लोक सतरंजीवर लोळले. त्याने पान लावलं, मांडी कच्ची राहिली, भीमाने तिथेच गदा मारली. लोकांनी तो भाग मला पुढे सात-आठ वेळा करायला लावला. कॅसेट दुसरीच चालू असली तरी.

अक्का मात्र हसली नाही. घरी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. म्हणाली, "वना, पहिल्या नजरनं खरंच व्हस का रे तसं?"

"मग काय खोटं सांगतो का मी?"

छगनची तिला सदा धास्ती. बिजासनच्या घाटात आठवड्याला एक ट्रक खाली जायचा. सोनगीरची दोन पोरं त्याच वर्षी गेली होती.

जानेवारीत शिरपूरला डोळ्यांचं शिबीर लागलं. शाळेच्या खोल्यांत खाटा, कपाळावर चिकटपट्टीने नंबर. अक्काचा डावा डोळा आधी करायचं ठरलं, उजवा पुढच्या वर्षी. बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं, जाड पांढरी पट्टी बांधली. डॉक्टर मला म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता मी स्वतः पट्टी सोडीन. मग रोज धुवायचं, औषध घालायचं. पाच दिवस इथून हलवायचं नाही." त्यांनी एक छापील कागदही दिला. मी तो घडी करून टोपीत ठेवला.

दुपारी अक्काने मला खाटेजवळ बोलावलं.

"छगन कव्हय येस?"

"उद्या दुपारी फाट्यावर येणार. चिंधा ड्रायव्हरकडे निरोप दिलाय मी."

"मंग उद्या सकाय पट्टी सोडानी नही. मी पहिले त्यालेच दखसू."

मी सेवा करणाऱ्या पोरीला विचारलं, पट्टी दुपारी पोरगा आल्यावर सोडता येईल का. ती म्हणाली, आजोबा, सातला म्हणजे सातला, आणि बायकांच्या खोलीत पुरुषांना सोडत नाहीत, तुम्हाला सोडलं तेच पुष्कळ. आणि हसली. अक्काने माझं मनगट धरलं होतं. तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं की अक्का, ती गोष्ट आहे. तेवढं एक वाक्य. पण महिनाभर सगळा फाटा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला त्याची चटक लागली होती. स्वतःच्या तोंडाने मी स्वतःला खोटं कसं पाडणार? ऊन उतरायच्या आत मी तिला परसाकडे नेतो म्हणून बाहेर काढलं आणि सोनगीरच्या एसटीत बसवलं.

गुरुवारी सकाळी अक्का उंबऱ्याच्या आत बसली. नवीन लुगडं नेसली होती. मी फाट्यावर चहाला गेलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. माझी अक्का पट्टी बांधून बसली आहे, पहिली नजर पोरावर टाकणार आहे, आज दुपारी छगन वज्राचा होणार.

दुपारी छगनचा ट्रक फाट्यावर लागला तेव्हा मी घरी अक्काजवळ होतो. तिथे काय झालं ते मला हारुनने नंतर सांगितलं. छगन केबिनमधून खाली उतरला तर चहाच्या टपरीवर आठ-दहा ड्रायव्हर वाटच बघत होते.

"या दुर्योधन, या. पान आणलं का?"

"अरे इंदूरला केळी कुठे मिळतात? रावेरवरून जायचं होतं."

"पान नको रे बाबा. पान लावलं तर तेवढंच कच्चं राहील. आणि नेमकं तेच तर याला पक्कं पाहिजे."

छगन आधी हसला. मग विचारू लागला काय भानगड आहे. त्याला सगळं कळलं, म्हणजे मी रंगवलं होतं तसं कळलं. आईला छगन तिच्यापुढे नागडा उभा राहायला हवा आहे, असं. अक्काच्या मनात तसलं काही नव्हतं. तिला त्याचं तोंड बघायचं होतं, फार तर छाती. पण टपरीवर तिची गोष्ट नव्हती, माझी होती. कोणीतरी त्याच्या लेंग्याच्या नाडीला हात घातला. छगनने त्याच्या कानाखाली मारली, केबिनमध्ये चढला आणि गाडी धुळ्याकडे काढली. घर फाट्यापासून हाकेवर.

संध्याकाळपर्यंत अक्का पोराची वाट बघत बसून राहिली. "मना आंडोर उना का?"

"गाडी बिघडली असेल. उद्या येईल."

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी आला नाही. रविवारी चिंधा ड्रायव्हर घरी आला, मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "वना आबा, छगन मालेगावला भेटला. म्हणाला, मी येत नाही. आईला सांगा वेडेपणा करू नको, पट्टी काढून टाक आणि डॉक्टरकडे जा."

हा निरोप मी अक्काला दिला नाही.

का नाही दिला ते मी आज सरळ लिहितो. तोवर गावातल्या बायका यायला लागल्या होत्या. विधवा असूनही अक्काला देवीसारखं हळदकुंकू लावायच्या, पुढ्यात नारळ ठेवायच्या. लळिंग, नगाव, कुठून कुठून माणसं विचारत येत होती. हारुनकडे पिक्चर लावायच्या आधी लोक म्हणायचे, आधी अक्काचं सांगा. मी सांगायचो, चौथा दिवस आहे, अजून थांबली आहे. खोली भरून दारापर्यंत लोक उभे. पट्टी काढली असती तर ते सगळं त्याच संध्याकाळी संपलं असतं. मला वाटलं, छगन काय, चिडलाय, दोन दिवसांनी येईल.

सातव्या दिवशी अक्काने भाकरी खाल्ली नाही. कपाळ गरम लागलं. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "नही रे. तेज साठस ना, म्हनीसन ठणकस." हे मीच सांगितलं होतं, की तेज आत साठतं.

नवव्या दिवशी पट्टीखालून वास यायला लागला. आमच्या आळीत रुपचंद गुरुजी राहायचे, शाळेत मास्तर. ते कधी व्हिडिओला आले नव्हते. ते आत आले, नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाले, "शिबिरात कागद दिला असेल. कुठे आहे?" मी टोपीतून काढून दिला. त्यांनी वाचला आणि पुन्हा घडी करून माझ्या हातात ठेवला. वाचून काही दाखवलं नाही. फक्त म्हणाले, "हारुनला सांगा गाडी काढ."

हारुन तोवर छगनला आणायला स्कूटर घेऊन शिरपूरला गेला होता. छगनचा ट्रक तिथल्या कापसाच्या जिनिंगवर भरत होता. हारुनने त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण तासाभरात छगन मागे बसून आला. दारात गर्दी. गुरुजी म्हणत होते, आधी डॉक्टर. अक्का म्हणत होती, "छगन उना ना? मंग सोड पट्टी."

छगन तिच्यासमोर बसला. शर्ट-पँट घातलेला, मान खाली. अक्काने आधी दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. मग मी पट्टी सोडली. खालचा कापूस चिकटला होता, तो पाणी लावून काढावा लागला. तो डोळा कसा होता ते मी लिहीत नाही. छगनने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

अक्काने तो डोळा उघडा धरला. किती दुखलं असेल. त्याच्याकडे तोंड करून स्थिर बसली.

"दिसना," ती म्हणाली. "दिसना रे मना राजा. दाढी वाढनी तुनी."

दाढीवरून तिचा हात आत्ताच फिरला होता, हे मी पाहिलं होतं. गुरुजींनीही पाहिलं असेल. बायकांनी हात जोडले. छगन तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला आणि मग गाडी लोड झाली असेल म्हणून निघून गेला.

धुळ्याला डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारली आणि विचारलं, काही दिसतं का? अक्का म्हणाली, "आते नही. तव्हय दिसनं." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, हा डोळा चार-पाच दिवसांपूर्वीच गेलेला आहे. पंधरा दिवस सुया दिल्या, जीव वाचला. डोळा आत बसला.

त्यानंतर मी हारुनच्या खोलीत उभा राहिलो नाही. दोन-तीन वर्षांनी घरोघर टीव्ही आले, त्यानेही ते बंद केलं आणि पुन्हा टायर भरले. ब्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले. गुरुजींच्या वर्गात मी पहिल्या दिवशी जाऊन बसलो. सत्तावन्न वर्षांचा. लोक म्हणाले, आता शिकून काय करणार? मला तो कागद वाचायचा होता. आठ महिन्यांनी वाचला. त्यात लिहिलं होतं, पट्टी चोवीस तासांत डॉक्टरांकडूनच सोडून घ्यावी, उशीर झाल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. तिसरी ओळ.

एकदा हारुनने जुन्या कॅसेटी फेकायला काढल्या, त्यात ती सापडली, पट्टीवाल्या गुरूची. मी ती गुरुजींकडे नेली. डब्यावर मागे इंग्रजीत लिहिलं होतं. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं.

"वनाभाऊ, तो म्हातारा गुरू नाही. दुष्ट मांत्रिक आहे. त्याची नजर ज्याच्यावर पडते तो त्याचा गुलाम होतो. मरत नाही म्हणजे काय, मालकाने सांगितल्याशिवाय मरत नाही."

"मग मी सांगितलं ते?"

"ते तुमचं. तुम्हीच का, ज्यांनी पिक्चर काढला त्यांनीही कुठल्यातरी जुन्या कथेतून डोळा उचललाच असेल. जपानी लोकांत म्हणतात की एका देवाने डावा डोळा धुतला, त्यातून सूर्यदेवी जन्मली. आपल्याकडे शंकराच्या डोळ्यात आग. डोळ्याची भीती सगळीकडे आहे. गोष्टीत काही वाईट नाही हो."

ते मला धीर द्यायला बोलत होते. मी कॅसेट परत टायरांत टाकून दिली.

इकडे छगनची भरभराट झाली. नव्वद साली बिजासनच्या घाटात त्याचा ट्रक खरोखरच खाली गेला. क्लीनर जागेवर मेला. छगन झाडाला अडकून राहिला, अंगावर ओरखडा नाही. त्या दिवसापासून तो बदलला. फाट्यावर ज्यांनी त्याची नाडी ओढली होती तेच आता त्याच्या पाया पडायला लागले. त्याने जळगावला पिंप्राळ्यात घर केलं, दोन गाड्या घेतल्या. दोन्ही गाड्यांच्या कपाळावर मोठाले डोळे रंगवून घेतले, त्यातला डावा मिटलेला. वर्षातून एकदा यायचा, अक्काला लुगडं द्यायचा, तिच्या पायावर डोकं टेकवून जायचा. तिला पिंप्राळ्याला नेतो असं कधी म्हणाला नाही. देवीला देवळातून हलवत नाहीत, असं त्याच्या बायकोने माझ्याजवळ एकदा बोलून दाखवलं.

उजव्या डोळ्याचं अक्का नावही काढत नव्हती. मग चौऱ्याण्णवला छगनला मुलगी झाली. महिन्याची झाल्यावर आणून अक्काच्या मांडीवर ठेवली. अक्का तिच्या तोंडावरून बोटं फिरवत राहिली, नाक कसं आहे, रंग कसा आहे, सगळ्यांना विचारत राहिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "वना, तो दुसरा डोया व्हयी का रे अजून?"

पंच्याण्णवच्या माघात सोनगीरच्याच शाळेत शिबीर लागलं. मी तिला तपासायला नेलं. डॉक्टरांनी मेणबत्ती इकडून तिकडे फिरवली. अक्काने बरोबर बोट दाखवलं. म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय, पण मागचा पडदा चांगला आहे, नव्वद टक्के दिसेल, गुरुवारी या. बाहेर आल्यावर अक्का हसत होती. तिचे चार दात उरले होते, ते सगळे दिसले. मग म्हणाली, "छगनले इचारी ये. त्यानं काही बिघडाले नको."

फॉर्मवर सही मला करता येत होती. भाऊ म्हणून चाललं असतं. पण ती म्हणाली, पोऱ्याला विचारल्याशिवाय नाही.

मी मंगळवारी पिंप्राळ्याला गेलो. छगन ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. पोट सुटलेलं, गळ्यात साखळी. त्याने मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"नको मामा," तो म्हणाला.

"का नको? डॉक्टर म्हणतो दिसेल."

"एवढी वर्षं झाली, मला काटा मोडला नाही. माझ्या दोन गाड्या घाटात चालतात, एक मी स्वतः चालवतो. तिने पहिली नजर माझ्यावर टाकली आणि डोळे मिटले. आता दुसरी नजर उघडली आणि ती दुसऱ्या कशावर पडली तर? जे चाललंय त्याला हात कशाला लावायचा?"

"तुझ्या पोरीला बघायचंय तिला."

"तेच तर. आधी पोरगी, मग पोरीचं पोरगं. वाटून टाकेल सगळं."

तो चेष्टा करत नव्हता. मी कप खाली ठेवला. सहा वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर काढलं. "छगन, तिला त्या दिवशी काही दिसलं नव्हतं. डोळा आधीच गेला होता. डॉक्टरने मला सांगितलं. तुझ्या दाढीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली दिसलं. तू रडू नयेस म्हणून म्हणाली."

छगनने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मामा," तो म्हणाला, "तू निंजाचं महाभारत केलंस. मला दुर्योधन केलंस, ते मी विसरलो नाही. आज तुला तिचं ऑपरेशन करून पाहिजे म्हणून हे नवीन काढलंस. तुझं मी काय खरं धरू?"

"अरे, गुरुजींना विचार."

"कोणालाच नाही विचारायचं मला. मला घाटाने सांगितलंय." त्याने खिशातून हात बाहेर काढला आणि अक्कासाठी शंभराची नोट पुढे केली. मी घेतली नाही. आतून त्याची पोरगी रांगत उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. अक्काचंच नाक होतं.

परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत विचार केला. मग ठरवलं. अक्काला सांगायचं की छगन हो म्हणाला. गुरुवारी ऑपरेशन होऊन जाईल, एकदा दिसायला लागलं की छगन काय म्हणतो ते बघू. त्याच्या गाड्यांचं काय व्हायचं ते होवो. एका खोट्याने तिचा डोळा गेला, एक खोटं तिला डोळा देईल.

गुरुवारी सकाळी सातला शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. अक्काने अंघोळ करून लुगडं बदललं होतं. घरून निघेपर्यंत तिने काही विचारलं नव्हतं. पुढे तीन माणसं उरली तेव्हा तिने माझा हात धरला.

"छगन काय बोलना?"

"हो म्हणाला. खूश झाला. म्हणाला, मामा, आता वेळ घालवू नका, आईला म्हणा, तुझ्या नातीला डोळे भरून बघ. पोरगी आता रांगते, अक्का. उंबऱ्यापर्यंत आली माझ्याकडे. नाक तुझं आहे. छगन म्हणाला, पट्टी सुटली की मी तिला घेऊन सगळ्यात आधी येतो."

अक्का ऐकत राहिली. हसली सुद्धा. पुढचा एक माणूस आत गेला.

"बठ्ठं त्यानं सांगं?"

"सगळं त्यानेच सांगितलं."

तिने माझ्या हातावर दुसरा हात ठेवला, थोपटला. तान्ह्या पोराला थोपटावं तसा.

"वना, तू गोट सांगस तव्हय तुना आवाज गोड व्हस," ती म्हणाली. "खरं सांगस तव्हय तू अडखयस."

आतून पोरीने नाव पुकारलं, भिकुबाई, नंबर चौदा. अक्का उठली. मला वाटलं, आत चालली. तिने भिंत चाचपत मागे तोंड केलं आणि मागच्या बाईला म्हणाली, "तू जाय बाई पुढे. मना आंडोर घाटमा गाडीवर शे."

मग व्हरांड्याच्या पायऱ्या मोजत ती एकटीच उतरायला लागली. फॉर्म माझ्या हातात होता. त्यावर मी घरून सही करून आणली होती.